कढत पाण्यातली देवाणघेवाण

सिंगापूरमध्ये तांजोंग पगारला एमआरटीत बसा, रॅफल्स प्लेसला गाडी बदला आणि उत्तरेकडे कॅनबेरा स्थानकावर उतरा. तिथून जवळच सेंबावांगचा गरम पाण्याचा झरा आहे. पाणी सुमारे 70 अंश सेल्सिअस! लोक त्यात अंडी उकडून खातात. आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांची आठवण यावी, असंच ते ठिकाण.

इतक्या कढत पाण्यातही काही जिवाणू मजेत राहतात आणि एकमेकांकडून जनुकंसुद्धा घेतात. 1999 साली थर्मोटोगा मॅरिटिमा या जिवाणूचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यातली जवळजवळ पाव जनुकं आर्किया या अगदी वेगळ्या कुळातल्या सूक्ष्मजीवांशी जुळणारी निघाली. वाडवडिलांचा वारसा नव्हे, शेजाऱ्यांकडून आलेली ठेव! जपानमधल्या झऱ्यात सापडलेला थर्मस थर्मोफिलस तर आसपासचा सुटा डीएनए सरळ आत ओढून घेतो. मला हे फार विलक्षण वाटतं.

माणसानंही हीच वाट धरली. 1986 साली संशोधकांनी कॅनामायसिन या प्रतिजैविकाला निष्प्रभ करणाऱ्या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, जनुक एका उष्णताप्रेमी बॅसिलसमध्ये घातलं. मग कॅनामायसिन देत देत तापमान वाढवलं. ज्यांचं विकर उष्णता सोसेल असं बदललं होतं, तेच जिवाणू तगले. कणखर विकर हाती आलं, तेही त्याची रचना आधी न आखता.

आणि पीसीआर चाचणीत डीएनएच्या प्रती काढणारं टॅक हे विकर? तेही थर्मस कुळातलंच, अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यातून आलेलं.