रकाने कोणी निवडायचे?



आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले, हे पालघर-बोईसरच्या मंडळींना ठाऊक आहे. आज आम्ही संगणकावर बोलायला उभे आहोत याचे आपणांस नवल वाटेल. पण तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आता पगाराचा हिशेब संगणक करतो, आणि पगार हा तर आमचा जन्माचा विषय आहे.

पगारपत्रक डोळ्यांपुढे आणा. आडव्या ओळीत एकेक कामगार. उभ्या रकान्यांत टोकन नंबर, नाव, मूळ पगार, महागाई भत्ता, विशेष भत्ता, घरभाडे. पूर्वी कारकून ते शाईने भरी. आता पायथॉन नावाच्या भाषेत, पांडाज या तयार साधनाच्या आधाराने, दोनचार ओळी लिहिल्या की हजार माणसांचा हिशेब होतो. त्यासाठी दोन गोष्टी सांगाव्या लागतात: नियम कोणता, आणि तो कोणत्या रकान्यांना लावायचा. रकान्यांची नावे चौकटी कंसात लिहायची व नियम त्यांना लावायचा. ज्यांची नावे घेतली नाहीत, त्यांना तो शिवत नाही.

आता गंमत पाहा. माणसाच्या नावाच्या रकान्याला बारा टक्के लावायला सांगा, यंत्र अडेल. टोकन नंबराला लावा, ते मुकाट्याने आकडा काढून देईल! रकाना ‘तिसरा, चौथा’ असा क्रमाने सांगितला आणि मध्येच एक नवा घुसला, तर सगळा हिशेब सरकतो. म्हणून तो नावाने सांगावा.

फंडाचेच घ्या. मूळ पगार 8,000, महागाई भत्ता 2,000, विशेष भत्ता 3,000 आणि घरभाडे 2,000 असा एक कामगार धरा. पहिले दोनच रकाने निवडले तर बारा टक्क्यांनी फंड 1,200 होतो. विशेष भत्ता धरला तर 1,560. महिन्याला 360 रुपयांचा फरक! कामगाराच्या हाती तेवढे कमी येतात हे खरे. पण मालकालाही तेवढेच पदरचे घालावे लागतात. 28 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सर्वांना सरसकट मिळणारा भत्ता निराळे नाव दिल्याने फंडातून सुटत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनेही वगळलेल्या भत्त्यांना एकूण मोबदल्याच्या निम्म्याची मर्यादा घातली. वरची रक्कम वेतनातच धरायची.

एका कारखान्यात आम्ही या फरकाचा जाब विचारला. उत्तर आले, ‘संगणकच तसे काढतो.’ आम्ही गप्प बसलो. बोलायला शब्द नव्हते. मग आमच्या एका सभासदाच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने आम्हांला ती कंसातली यादी समजावून दिली. तेव्हा उमगले: संगणक रकाने निवडत नाही, माणूस निवडतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पगारचिठ्ठीवर फंडाच्या आकड्याशेजारी तो कोणत्या रकान्यांवरून काढला, त्यांची नावे छापा. आणि आपल्या मुलांनो, तुम्ही ती यादी वाचायला शिका. घरी बापाला वाचून दाखवा.