फोटो कोणाचा? : बूद्वार फोटोग्राफीविषयी थोडेसे

(मंचाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर, किंचित संक्षेपाने.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर मला दोन फोन आले. एकाने विचारले, "मुलांना आणायचे की नाही?" दुसऱ्याने विचारले, "तुम्ही तर डोळ्यांच्या संशोधनातल्या. हे मध्येच काय काढलेत?" पहिल्याला उत्तर असे, की मी एकही फोटो दाखवणार नाही. मुले आली तर फार तर कंटाळतील. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हे भाषण.

'बूद्वार' हा फ्रेंच शब्द. घरातल्या बाईची खासगी खोली. ज्या क्रियापदावरून तो आला त्याचा अर्थ रुसणे, फुरंगटून बसणे. आपल्या कैकेयीचे कोपभवनच म्हणा ना! अंतर्वस्त्रांत, किंवा नुसती साडी अथवा चादर लपेटून, स्वतःसाठी किंवा जोडीदारासाठी व्यावसायिक फोटोग्राफरकडून काढून घेतलेल्या फोटोंना इकडे अमेरिकेत हे नाव आहे. कोणी लग्नाआधी काढतात, कोणी चाळिशी-पन्नाशीला, कोणी मोठ्या आजारातून उठल्यावर. मी पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला काढले. दोन बाळंतपणे आणि वीस वर्षे अंगावर प्रयोगशाळेचा कोट, या सगळ्यात आरशासमोर उभी राहायचे ते फक्त कुंकू सरळ लागले का पाहायला. एकदा नीट बघावे असे वाटले, इतकेच.

फोटोग्राफर बाई कामात तरबेज होत्या. खोली आधीच गरम करून ठेवलेली, कारण थंडीने अंगावर काटा आला की तो फोटोत दिसतो. येताना सैल कपडे घालून या, असे त्यांनी आधीच कळवले होते. घट्ट इलॅस्टिकचे वळ कातडीवरून जायला तास-दीड तास सहज लागतो. मोठ्या खिडकीला पातळ पांढरा पडदा होता. प्रकाशाचा स्रोत जितका मोठा आणि जवळ, तितकी सावली मऊ. हे मी रोज प्रयोगशाळेत वापरते, पण स्वतःच्या खांद्यावर पहिल्यांदा पाहिले. त्यांनी ८५ मिलिमीटरची लेन्स लावली आणि दोन-अडीच मीटर लांब उभ्या राहिल्या. फार जवळून फोटो काढला की कॅमेऱ्याकडचे नाक, गुडघा, हात अवास्तव मोठे दिसतात, म्हणून हे अंतर.

सुरुवात पूर्ण कपड्यांत. कसे बसायचे ते त्या स्वतः बसून दाखवत, मला हात लावत नसत. केसांची बट सारायची तरी आधी विचारत. हनुवटी किंचित पुढे आणि खाली, श्वास सोडताना क्लिक. अधूनमधून कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवत. शेवटचे काही फोटो आईच्या जुन्या इरकलीत, बिनपोलक्याचे, खिडकीकडे तोंड आणि कॅमेऱ्याकडे पाठ. अल्बम आला तेव्हा मी रडले. चांगल्या अर्थाने.

इथे भाषण संपायला हवे होते. पण आठ महिन्यांनी एका मैत्रिणीची ईमेल आली. ती मुलीच्या पदवीदान समारंभासाठी फोटोग्राफर शोधत होती. खाली एक दुवा आणि एकच ओळ : "अगं, ही काकूंची इरकल ना?"

स्टुडिओच्या वेबसाइटवर माझी पाठ होती! चेहरा नव्हता. पण ज्यांनी आईला त्या साडीत पाहिले आहे, त्यांना चेहऱ्याची गरज नव्हती.

मी कळवल्यावर दोन दिवसांत फोटो उतरवला गेला. सोबत नम्र उत्तर : आपण सही केलेली आहे. कागद काढून पाहिला. तिसऱ्या पानावर एक परिच्छेद, फोटो जाहिरातीसाठी वापरण्याच्या परवानगीचा. खाली माझी सही. आणि ती कधी केली तेही आठवले. अंगात झगा, केसांत पिना, एक मुलगी मागे केस बांधत होती आणि कोणीतरी हातात पेन दिले होते.

मंडळी, मला राग आला तो जास्त स्वतःचा. माझ्या संशोधनात माणसे स्वेच्छेने भाग घेतात. त्यांची संमती कशी घ्यायची याचे नियम १९७९ च्या बेलमाँट अहवालापासून आम्हाला पाठ आहेत. माहिती द्यायची, ती समजली का ते पाहायचे, आणि दडपण नाही याची खात्री करायची. कागद आधी घरी न्यायला द्यायचा, "तुमच्या शब्दांत सांगा" असे म्हणायचे, आणि कधीही माघार घेता येईल हे दोनदा सांगायचे. माझ्या हाताखालच्या विद्यार्थ्याने अर्धवट कपड्यांतल्या माणसाची उभ्या उभ्या सही घेतली असती, तर ती मी ग्राह्य धरली नसती.

म्हणून आता कोणी मला या फोटोंबद्दल विचारले, की मी आधी कपड्यांबद्दल बोलत नाही. मी म्हणते, संमती एक नसते, तीन असतात : फोटो काढण्याची, ठेवण्याची आणि दाखवण्याची. तिन्ही वेगळ्या मागा. थोडक्यात असे :

१. निदान आठवडाभर आधी फोटोग्राफरशी बोलणे. फोटो कोणासाठी, काय चालेल, काय नाही, खोलीत कोण कोण असेल. सोबत मैत्रीण आणायला नकार मिळाला तर दुसरा स्टुडिओ शोधावा.

२. कागद घरी मागवून, कपड्यांत, टेबलाशी बसून वाचावा. जाहिरातीची परवानगी देणारा भाग (याला 'मॉडेल रिलीज' म्हणतात) नको असेल तर खोडून दोघांनी तिथे सही करावी.

३. दुरुस्ती कशाची करायची हे आधी ठरवावे. पुटकुळी खुशाल काढा. पण शस्त्रक्रियेचा व्रण, पोटावरच्या रेषा, तीळ हे विचारल्याशिवाय पुसू नयेत. ते त्या बाईचे आहेत.

४. मूळ फाइली कुठे राहतात, किती दिवस, आणि दुरुस्तीला बाहेर कोणाकडे जातात का, हे विचारावे. आपल्या बाजूनेही काळजी घ्यावी. फोनवर घेतलेला फोटो आपोआप घरच्या सामायिक अल्बममध्ये जातो आणि सासूबाईंच्या टॅब्लेटवर उगवतो.

५. "थांबा" म्हटले की थांबायचे, कारण न विचारता. मधेच घरी जावेसे वाटले तरीही.

कायद्याचेही दोन शब्द. अमेरिकेत फोटोचा कॉपीराइट सहसा काढणाऱ्याचा, पैसे तुम्ही दिलेत तरी. भारताच्या १९५७ च्या कायद्यात मात्र मोबदला देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा कॉपीराइट, वेगळा करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याचा. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात कॉपीराइट फोटोग्राफरचा असला, तरी घरगुती कामासाठी काढवलेला फोटो लोकांपुढे न येऊ देण्याचा हक्क तुमचा. आणि २०१३ पासून भारतीय फौजदारी कायदा स्पष्ट म्हणतो, की बाईने असा खासगी फोटो काढू दिला म्हणजे तो पसरवायला संमती दिली असे नव्हे. हे वाक्य मला फार मोलाचे वाटते.

आता आपल्या मंचात नेहमी निघणारा आक्षेप. "हे पुरुषी नजरेचेच लाड नव्हेत का?" कधी कधी असतीलही. जोडीदाराच्या आग्रहाने, मनाविरुद्ध बसलेली बाई असेल, तर फोटोग्राफरने तो दिवसच रद्द करावा. पण आपण पुरोगामी मंडळी या विषयात एकाच प्रश्नावर अडकतो : अश्लील की नाही? र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवले, मुखपृष्ठावर नग्न स्त्रीची चित्रे छापली. वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, मासिक थांबले नाही. त्या लढाईचे ऋण मी मानते. ती छापणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या हक्काची लढाई होती. फोटोतल्या बाईला कोणी विचारले होते का, हा प्रश्न त्यात नव्हता. तो आता आपल्याकडे आला आहे.

त्या स्टुडिओने शेवटी माझा तो परिच्छेद रद्द केल्याचे लेखी दिले. द्यायलाच हवे असे नव्हते, भल्या होत्या म्हणून दिले. गेल्या वर्षी माझी एक मैत्रीण केमोथेरपी संपल्यावर तिथेच गेली, माझ्याच शिफारशीने. कागद दोन आठवडे आधी आला. तो आम्ही दोघींनी तिच्या जेवणाच्या टेबलावर, चहा घेत, ओळ न् ओळ वाचला. दोन ठिकाणी खोडले. फोटो कसे आले ते मला माहीत नाही. तिने दाखवले नाहीत, मी मागितले नाहीत.