आधी माती भिजवा



दिल्लीत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला सायकल म्हटलं की झंडेवालानचा सायकल बाजार आठवतो. माझी डर्ट जंप सायकल, म्हणजे मातीच्या ढिगांवरून उड्या मारायची सायकल, तिथेच, या दुकानातून फ्रेम, त्या दुकानातून चाकं, अशी जमवत उभी राहिली. 26 इंची चाकं, बसकी फ्रेम, सीट इतकं खाली की बसून चालवणं अवघड, एकच गिअर, पुढे कडक शॉकर आणि ब्रेक फक्त मागे. कॉलनीतली मुलं तिला, कुठल्याही जाड टायरच्या सायकलला म्हणतात तसं, ‘रेंजर’ म्हणायची आणि मला राग यायचा. दहावी-अकरावीच्या वयात तिच्यावर जितका जीव लावला, तितका क्वचितच कशावर लावला असेन.

आज मात्र मला मातीबद्दल बोलायचं आहे. पालकांनो, मुलाला अशी सायकल घेऊन देता, मग उडी मारायला माती कुठे देता? कॉलनीच्या बागेत बघावं तिकडे पेव्हर ब्लॉक. 2010च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी इंदिरा गांधी स्टेडियमच्या आवारात लाकडी ट्रॅकचा, छताखालचा वेलोड्रोम उभा राहिला. छान झालं. पण शाळेतल्या पोराला एवढं काही नको असतं. त्याला हवा बागेचा एक कोपरा, फावडं, घमेलं, धुम्मस आणि पाण्याचा पाइप.

पाणी का? तर ही माती म्हणजे पोळ्यांची कणीक आहे. पाणी एकदम ओतलं की चिखल, कमी पडलं की तडे. थोडं थोडं शिंपडायचं, तिंबायचं, म्हणजे धुम्मसाने ठोकायचं, आणि मग ओलं गोणपाट टाकून रात्रभर मुरू द्यायचं. घाई केली की कडा फाटतात, अगदी न मुरलेल्या कणकेच्या पोळीसारख्या. दिल्लीत तर पीठच दोन तऱ्हेचं. अरवलीच्या दगडाची लालसर जाड वाळू, जिला तिथे बदरपूर म्हणतात, ती रव्यासारखी सुटी. नुसती वापराल तर काही बांधलं जाणार नाही. यमुनेकडचा गाळ मैद्यासारखा. ओला असताना चिकटतो, मे महिन्यातली लू, म्हणजे तापलेला वारा, लागली की धूळ होऊन उडतो. दोन्ही मिसळायचे. आणि पुन्हा सांगतो, आधी भिजवा.

उडीला मातीचे दोन ढीग लागतात, एक चढायचा, एक उतरायचा. मुलं सगळी मेहनत चढाच्या ढिगावर घालतात, कारण उडी तिथून सुटते. आम्हीही तेच करायचो. जास्त माती लागते ती पलीकडच्या, उतरायच्या ढिगाला. सपाट जमिनीवर आदळलात तर सगळा दणका मनगटांत आणि घोट्यांत जातो. उतारावर चाकं टेकली की तोच वेग सरळ पुढे वाहून जातो. म्हणून चार घमेली इकडे टाकलीत तर आठ तिकडे टाका. आणि तो उतार रोज तपासा, रोज भिजवा. सकाळचा कोरडा उतार संध्याकाळी दगा देतो.

एक रागाची गोष्ट. जागा मिळत नाही म्हणून काही मुलं दिल्लीच्या रिजवर, म्हणजे शहरातल्या जंगली टेकड्यांवर, जाऊन खणतात. बाळांनो, असं करू नका. ते 1994पासून राखीव वन म्हणून अधिसूचित आहे, तिथली माती खेळायची नाही. पण त्यांना रागावताना मला अवघडल्यासारखं होतं, कारण आपण त्यांना दुसरी जागा दाखवलेलीच नाही. सायकलींची बीएमएक्स शर्यत 2008च्या बीजिंग स्पर्धेपासून ऑलिंपिकमध्ये आहे. तीसुद्धा मातीच्या उंचवट्यांवरच. शाळांच्या मैदानांवर एखादा कोपरा का निघू नये? सोसायटीच्या सभेत हा विषय कुणीतरी...

वेळ संपत आली, अशी खूण होते आहे. हेल्मेटबद्दल सविस्तर बोलायचं राहिलं. ते घालाच, हनुवटी झाकणारं मिळालं तर उत्तम. आणि जूनअखेरीला दिल्लीत पाऊस येईल, त्याआधी दोन्ही ढिगांवर ताडपत्री घाला, कडांना विटा ठेवा, आणि पाणी निघून जायला भोवती चर खणा. पाऊस उघडला की लगेच सायकल घालू नका, एक दिवस थांबा.