जहाज आणि किनारा यांमधील पाणी

मरीन सैनिक हा ना धड खलाशी, ना धड पायदळातील शिपाई. राहावे जहाजावर आणि लढावे जमिनीवर, असा त्याचा पेशा. दुसऱ्या महायुद्धात तो अनेक रणक्षेत्रांत लढला. परंतु त्याची खरी कसोटी लागली ती जहाज आणि किनारा यांमधील थोड्याशा पाण्यात.

पॅसिफिक महासागरातील तारावाच्या प्रवाळबेटांपैकी बेटिओ हे एक चिमुकले बेट. लांबी जेमतेम दोन मैल. २० नोव्हेंबर १९४३ रोजी अमेरिकेच्या दुसऱ्या मरीन डिव्हिजनने त्यावर हल्ला चढविला. भोवतालच्या प्रवाळखडकावर भरतीच्या वेळी होड्या तरंगण्याइतके पाणी येईल, असा सेनाधिकाऱ्यांचा अंदाज होता. ते आले नाही. दिवस कृष्ण अष्टमीच्या सुमाराचे, भरती भांगाची. उधाण आणि भांग यांतील अंतर कोकणातील कोळ्याच्या पोरालाही कळते. आणि त्या बेटांवर पूर्वी राहिलेल्या एका अधिकाऱ्याने तशी सूचना आधी दिलीही होती. त्यातच चंद्र पृथ्वीपासून फार दूर असल्याने ती भरती अधिकच दुबळी झाली, हे डोनाल्ड ओल्सन यांनी १९८७ साली गणिताने दाखविले.

होड्या खडकावर अडल्या. पाण्यात व जमिनीवरही चालणारी पट्ट्यांची वाहने तेवढी पलीकडे गेली. पण ती पुरेशी नव्हती. उरलेल्यांना पाण्यात उतरून पाचशे यार्डांहून अधिक अंतर मशिनगनांच्या माऱ्यात चालत जावे लागले. ७६ तासांनी बेट पडले. सुमारे एक हजार अमेरिकन कामास आले. जपानी बाजूच्या, कोरियन मजुरांसह, सुमारे ४,७०० जणांपैकी जिवंत हाती लागले अवघे १४६. एवढी किंमत देण्याजोगे ते बेट होते काय, हा वाद पुढे पुष्कळ झाला. किनाऱ्याचे पाणी मोजण्यास पट्टीच्या पोहणाऱ्यांना आधी धाडण्याची रीत मात्र त्यानंतरच रुजली.

युरोपात हे काम ब्रिटिश मरीनांकडे आले. १ नोव्हेंबर १९४४ रोजी हॉलंडच्या वाल्खेरेन बेटावर ते बाँबनी फोडलेल्या बांधाच्या खिंडारातून शिरले. त्यावाचून अँटवर्प बंदराची वाट मोकळी होत नव्हती.

ब्रह्मदेशातील आराकानात तर पाणी कोठे संपते आणि जमीन कोठे सुरू होते, हेच कळू नये. जानेवारी १९४५ मध्ये कांगॉजवळ मरीन कमांडो खाड्यांतून, खारफुटीच्या चिखलातून वर चढले. त्यांच्यासाठी तोफा डागीत होत्या त्या वेळच्या हिंदी नौदलाच्या नर्बदा व जमना या नौका. मागोमाग आलेल्या ५१ व्या हिंदी ब्रिगेडच्या तीन पलटणींचे नायक होते थिमय्या, सेन आणि कोल्हापूरकडचे थोरात.