ऐक्याची किंमत

ठाकुर्लीचे चोळा वीजगृह १९२९ साली सुरू झाले ते जी. आय. पी. रेल्वेच्या गाड्यांना वीज पुरविण्यासाठी. याच रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला भरली. अस्पृश्य गँगमन जन्मभर गँगमनच राहतो, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे दाखवून दिले. त्याला पोर्टर करीत नसत. कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकामही करून घेई आणि सवर्णाच्या घरात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. अशा बोलण्याने कामगारांत फूट पडते, या आक्षेपाला बाबासाहेबांचे उत्तर होते : दुहीची कारणे नाहीशी करणे हाच ऐक्याचा मार्ग.

फूट त्या भाषणापूर्वीच पडलेली होती. ‘कामगार तेवढा एक’ असे म्हणून दुबळ्याचे वेगळे दुःख झाकणारी संघटना अखेर बलवानांचीच होते. आजही कायम आणि कंत्राटी, स्थानिक आणि परप्रांतीय, स्त्री आणि पुरुष असे भेद कामगारांत आहेत. या प्रत्येकाला कार्यकारिणीत जागा आणि मागणीपत्रात स्थान मिळाले पाहिजे. कंत्राटी सोबत्यासाठी कायम कामगाराला आपल्या पगारवाढीतले काही सोडावे लागेल. तेवढी तयारी नसेल, तर ऐक्याच्या घोषणा देण्याचा अधिकार संघटनेला उरत नाही.