छताचा रिपोर्ट हवाय की नुसतं सर्टिफिकेट?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्यातला ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

हार्बरच्या गर्दीत उभं राहून ऐकत असाल किंवा घरी भांडी घासता घासता, आजचा विषय तुमच्या डोक्यावरच आहे. छत. गच्ची म्हणा, स्लॅब म्हणा, पत्रा म्हणा. आणि ते जाणकार माणसाकडून नीट तपासून कसं घ्यायचं, ते आज बोलू.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, कुर्ल्यात राहतो आणि कामाचा बराच वेळ लोकांच्या गच्च्यांवर काढतो. दर जूनमध्ये मला ठरलेला मेसेज येतो: "दादा, सिलिंगला ओल आलीय, कुठलं केमिकल मारू?" माझा उलटा प्रश्न असतो: "वर जाऊन कोणी बघितलंय का?" बहुतेक वेळा कोणीच बघितलेलं नसतं. म्हणजे ताप किती आहे ते न मोजताच गोळी विचारायची, असं झालं.

आधी आपल्याच भागातली एक गोष्ट. ती जड आहे, पण टाळता येत नाही. २७ जून २०२२, सोमवारची रात्र. कुर्ला पूर्वेच्या नाईकनगरमधली चार मजली इमारत मध्यरात्रीच्या सुमारास कोसळली. १९ माणसं गेली. महापालिकेने तेव्हा जी माहिती दिली, त्यानुसार २०१३पासून या इमारतीला नोटिसा दिलेल्या होत्या. ती राहण्यास धोकादायक म्हणजे 'सी-१' वर्गात टाकली होती. नंतर रहिवाशांच्या बाजूने दुसरं ऑडिट झालं आणि त्यात ती दुरुस्त करता येण्याजोगी ठरली. लोक राहत राहिले.

हे वर्ग काय असतात ते समजून घ्या. 'सी-१' म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. 'सी-२ए' म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, किंवा काही भाग पाडणं. 'सी-२बी' म्हणजे लोक राहत असताना स्ट्रक्चरल दुरुस्ती. 'सी-३' म्हणजे किरकोळ दुरुस्ती. कागदावर एक अक्षर आणि एक आकडा बदलतो, आणि माणसं त्या रात्री घरात झोपतात की नाही ते ठरतं.

नाईकनगरची इमारत गच्चीमुळे पडली असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा रिपोर्टचा आहे. तपासणी करून घेताना आपण दोनपैकी एक काहीतरी मागतो: खरं काय आहे ते, किंवा आपल्याला सोयीचं आहे ते. घर सोडलं तर भाडं कुठून भरायचं, परत जागा मिळेल का, ही भीती खोटी नाही. त्या भीतीपोटी माणूस सोयीचा कागद शोधतो. पण स्लॅब कागद वाचत नाही.

आता कुर्ल्याची एक वेगळी अडचण. शहर भागात, म्हणजे साधारण शीव-माहीमपर्यंत, जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे. उपनगरांना ते लागू नाही. कुर्ल्यातली खासगी इमारत कितीही जुनी असो, तिची काळजी मालकाने नाहीतर सोसायटीने घ्यायची. महापालिका नोटीस देईल, पण दुरुस्ती करून देणार नाही. आणि जिथे सोसायटीच धड नोंदलेली नाही, मालक कुठे आहे पत्ता नाही, तिथे गच्चीवर कोण जाणार?

कायदा काय म्हणतो? मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार इमारतीला ३० वर्षं झाली की महापालिकेकडे नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी लागते. सहकारी सोसायट्यांचे आदर्श उपविधी आणखी आधी सुरुवात करतात: १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी, त्यापुढे दर तीन वर्षांनी. तुमची बिल्डिंग कधीची आहे? आई-बाबांना विचारा, नाहीतर सोसायटीच्या ऑफिसात ओसी बघा.

बरं, छताची तपासणी म्हणजे नेमकं काय? चांगला इंजिनिअर आधी गच्चीवर जातच नाही. तो सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या घरात येतो आणि मान वर करून सिलिंग बघतो. पिवळे डाग आहेत का, पोपडे सुटलेत का, प्लास्टर फुगलंय का, सळई दिसतेय का. हातोडीने हलकं ठोकून आवाज ऐकतो. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर आतलं काँक्रीट सुटलेलं. मग तो वर जातो. ढाळ कुठे आहे, पाणी कुठे साचतं, पाइपचं तोंड पानांनी बुजलंय का, कठड्याच्या मुळाशी भेग आहे का, टाकीखाली कायम ओलं असतं का, डिशचा स्टँड लावताना कोणी कोब्याला भोकं पाडलीत का, हे सगळं बघून नकाशावर मांडतो. पाणी शिरतं एकीकडे आणि टपकतं दुसरीकडे. म्हणून टपकतं तिथे वरून केमिकल मारून उपयोग होत नाही.

ओल एवढी वाईट का? ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतल्या सळईवर संरक्षक थर टिकून राहतो. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरतो आणि ते संरक्षण जातं. मग पाणी आणि हवा मिळाली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आतून दाब देतो आणि काँक्रीट फोडतो. आपल्याला खाली दिसतं ते फक्त "प्लास्टर पडलं".

हे मोजता येतं. काँक्रीटच्या ताज्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून सळईला सांभाळतंय, रंग आला नाही तर संरक्षण गेलंय. शाळेच्या लॅबमधला तोच प्रयोग! रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो, अल्ट्रासॉनिक चाचणीने आतल्या पोकळ्या आणि भेगा, हाफ-सेल चाचणीने सळई गंजत असण्याची शक्यता. शंका मोठी असेल तर कोअर काढून लॅबमध्ये दाबून बघतात. एकाच चाचणीवर निकाल देणारा रिपोर्ट आला तर प्रश्न विचारा.

आता एक हिशोब, जो गच्चीच्या बाबतीत नेहमी विसरला जातो. गळती झाली की कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, जुन्यावरच नवीन कोबा टाकू. विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा म्हणजे दर चौरस मीटरला साधारण २०० किलो. लोकांची ये-जा असलेल्या गच्चीवर माणसं आणि सामान यांच्यासाठी डिझाइनमध्ये धरतात ते १५० किलो. म्हणजे एक जादा थर टाकला की तेवढं वजन कायमचं वर बसलं, आणि तेही आधीच गंजलेल्या स्लॅबवर. शिवाय हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन पाणी. म्हणून जुना थर काढायचा की ठेवायचा, हे वॉटरप्रूफिंगवाल्याने ठरवायचं नसतं, इंजिनिअरने ठरवायचं.

यावरून माझा पहिला नियम: ज्याला दुरुस्तीचं काम मिळणार आहे, त्याच्याकडून तपासणी करून घ्यायची नाही. "फ्री इन्स्पेक्शन" फुकट नसतं, त्याची किंमत कोटेशनमध्ये असते. इंजिनिअरला फी द्या आणि कामाच्या आधीच लेखी ठरवून घ्या: कोणत्या चाचण्या, किती ठिकाणी, फोटो कुठले, नकाशा मिळेल का, आणि दुरुस्ती तातडीची कोणती, थांबू शकणारी कोणती, हे वेगळं लिहिलेलं असेल का. तो गच्चीवर किती वेळ होता ते बघा. चहा घेऊन वीस मिनिटांत सही करून गेला, तर तुम्ही फक्त सर्टिफिकेट घेतलंत.

दुसरा नियम: पैसे कोणाचे, हा वाद आधी मिटवा. वरच्या मजल्यावरच्या काकू वर्षानुवर्षं बादल्या लावतात आणि खालचे म्हणतात, "तुमची गळती, तुम्ही बघा." आदर्श उपविधींनुसार गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या घराचं सिलिंग आणि प्लास्टर खराब झालं, तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. गच्ची सगळ्यांची, तर गळतीही सगळ्यांची.

"आमची बिल्डिंग नवीन आहे, आम्हाला काय?" असं म्हणणाऱ्यांसाठी: उलट तुमच्याकडे घड्याळ चालू आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. म्हणून पाचवा पावसाळा संपायची वाट बघू नका. कोरड्या दिवसांत गच्चीचे पाइप बंद करून पाणी साठवून चाचणी घ्या, इंजिनिअरच्या देखरेखीखाली, दोन-तीन दिवस. खाली ओल उतरली तर तारखेसह फोटो, इंजिनिअरचा रिपोर्ट आणि बिल्डरला लेखी पत्र. व्हॉट्सॲपवरच्या "बघतो साहेब"वर विसंबून राहू नका. जुन्या, सळया दिसणाऱ्या स्लॅबवर मात्र हा प्रयोग मुळीच नको. दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १०० किलो.

आणि पत्र्याची घरं? कुर्ल्यात तीही कमी नाहीत. तिथे बघायचं ते खालचा अँगल किंवा वासा गंजलाय-कुजलाय का, बोल्टचे वॉशर गेलेत का, पत्र्याला वायर टेकलीय का. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, तो न सांगता तुटतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तो घासणं, कापणं, फोडणं टाळा. आणि ताडपत्रीने पाणी थांबतं, गंज थांबत नाही.

ड्रोनने शूट करू का, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. आपल्या डोक्यावरून विमानं उतरतात मंडळी. विमानतळाजवळचा हा रेड झोन आहे, परवानगीशिवाय उडवायचं नाही. जिना चढा.

आता सगळ्यात कठीण भाग. रिपोर्ट 'सी-१' आला तर? वाद असेल, दोन रिपोर्ट एकमेकांविरुद्ध असतील, तर ते महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातात. तिसरा, चौथा इंजिनिअर शोधत बसण्यापेक्षा हा रस्ता धरा. आणि भाडेकरूंनी हे लक्षात ठेवा: इमारत पाडली म्हणून तुमचा हक्क संपत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली धोकादायक इमारतींबाबत घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, पाडण्याआधी प्रत्येकाच्या ताब्यातल्या जागेचं क्षेत्रफळ मोजून नोंदवायला सांगितलेलं आहे. ती नोंद मागून घ्या, प्रत जपून ठेवा. हक्क त्या कागदात राहतो. तो टिकवायला पडक्या भिंतीत झोपावं लागत नाही.

तुम्ही विशी-पंचविशीत आहात, कमिटीत तुम्हाला कोणी विचारत नाही, माहितीय मला. पण फोन तुमच्याकडे आहे. या पावसात सिलिंगवरच्या डागाभोवती पेन्सिलने रेघ मारा, तारीख लिहा. भेगेच्या शेजारी नाणं धरून फोटो काढा, दर पंधरा दिवसांनी, त्याच जागेवरून. दिवाळीनंतर इंजिनिअर येईल तेव्हा त्याला चार महिन्यांचा इतिहास मिळेल. तो कुठल्याही मशीनमधून निघत नाही. कारण गळती पावसातच दिसते, आणि दुरुस्ती कोरड्यातच होते.

पण प्लास्टरचे मोठे तुकडे पडतायत, भेग दिवसागणिक रुंदावतेय, दार अचानक अडकायला लागलंय, खांबातून आवाज येतोय, तर फोटो काढत बसू नका. सगळ्यांना उठवा, बाहेर काढा आणि १९१६ला फोन लावा. सोसायटीच्या मीटिंगची वाट बघू नका.

आजच्यापुरतं एवढंच. एपिसोड आवडला तर बिल्डिंगच्या ग्रुपवर टाका, सेक्रेटरीकाकांना वेगळा पाठवा. आणि ऐकून झाल्यावर एकदा मान वर करून सिलिंगकडे बघा. भेटू पुढच्या आठवड्यात.