धक्क्यानंतरची डोकेदुखी



या सभागृहात बसलेल्या कित्येकांची मुलं-सुना अमेरिकेत, कॅनडात आहेत. तिकडून कधीतरी फोन येतो, "आई, सिग्नलला थांबलो होतो, मागून एकाने ठोकलं. मला काही लागलं नाही, डोकं तेवढं दुखतंय. मित्र म्हणतोय, कायरोप्रॅक्टरकडे जा." कायरोप्रॅक्टर म्हणजे हातांनी दाबून, झटका देऊन मणक्यांवर उपचार करणारा. फोनवरच्या या शेवटच्या दोन वाक्यांवर मी आज बोलणार आहे, कारण आधी तपासणी, मग कायरोप्रॅक्टर हा क्रम चुकला तर तरुण माणूस आयुष्यभराचं अपंगत्व घेऊन बसू शकतो.

मागून धक्का बसला की सीट पाठीला पुढे ढकलते. डोकं मात्र जागच्या जागी राहतं. क्षणभर मानेचा खालचा भाग मागे वाकलेला असतो आणि वरचा पुढे. स्नायू सावध व्हायच्या आत हे होऊन जातं. म्हणून गाडीला साधा पोचा आलेला असला तरी मान आठवडेच्या आठवडे धरते. त्याच झटक्यात कवटीच्या आत मेंदूही हिंदकळतो. मेंदूला बसलेला हा मुका मार म्हणजे कन्कशन. त्यासाठी डोकं आपटावं लागत नाही, शुद्धही हरपावी लागत नाही. सीटी स्कॅन बहुतेक वेळा स्वच्छ येतो, कारण त्यात रक्तस्राव आणि फ्रॅक्चर दिसतं. पेशींच्या कामकाजातला बिघाड दिसत नाही. 'रिपोर्ट नॉर्मल आहे, मग नाटक कशाला?' असं घरचेच म्हणतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

मानेच्या वरच्या भागातून येणाऱ्या वेदना आणि कपाळ-चेहऱ्याकडून येणाऱ्या वेदना मेंदूच्या बुंध्यात एकाच ठिकाणी पोचतात. त्यामुळे दुखावलेली असते मान आणि ठणकतं कपाळ. एकाच रुग्णात मेंदूची आणि मानेची अशा दोन्ही डोकेदुख्या नांदू शकतात.

आता कायरोप्रॅक्टिक. १८९५ साली आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी एका सफाई कामगाराचा बहिरेपणा पाठीचा मणका दाबून बरा केल्याचं सांगितलं, तिथून ही पद्धत निघाली. बहुतेक आजारांचं मूळ सरकलेल्या मणक्यात असतं, हा त्यांचा सिद्धांत विज्ञानाच्या कसोटीवर टिकला नाही. तरी १८९५ चं माप आजच्या व्यावसायिकांना लावणं अन्यायाचं होईल. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्यांच्यावर टाकलेला बहिष्कार १९८७ साली तिथल्या न्यायालयाने बेकायदा ठरवला. आज तिथे कायरोप्रॅक्टरला राज्याचा परवाना लागतो. मानदुखीवर आणि मानेतून उठणाऱ्या डोकेदुखीवर हातांचे उपचार, व्यायामाच्या जोडीने, काहींना उपयोगी पडतात. पण मान फिरवून कन्कशन बरं होतं, असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

माझी खरी काळजी एका रक्तवाहिनीची आहे. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात. त्यांतून दोन धमन्या मेंदूकडे चढतात. अपघाताच्या हिसक्याने धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं. तिथे गुठळी धरते, ती वर सरकली की पक्षाघात. आणि फाटलेल्या धमनीचं पहिलं लक्षण बऱ्याचदा कोणतं? मानदुखी आणि डोकेदुखी!

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रकारचा पक्षाघात झालेले तरुण रुग्ण आधी कायरोप्रॅक्टरकडे गेलेले आढळले. तसेच ते फॅमिली डॉक्टरकडेही गेलेले आढळले. निष्कर्ष असा, की धमनी बहुधा आधीच फाटलेली होती, दुखतंय म्हणून माणूस उपचाराला गेला. कायरोप्रॅक्टर हा अभ्यास बचाव म्हणून पुढे करतात. मला त्यात इशारा दिसतो. फाटलेली धमनी घेऊन माणूस डोकेदुखीची तक्रार करत दारात येत असेल, तर ती ओळखण्याआधी त्याच्या मानेला झटका देणं किती धोक्याचं! आपल्याकडे केस कापून झाल्यावर कडकन मान मोडून घेतात, तेही म्हणूनच सोडा.

तेव्हा फोनवर आधी विचारा: पुन्हापुन्हा उलट्या होतात का? डोकेदुखी वाढतेय का? जीभ जड झालीय, एकाचे दोन दिसतात, पापणी ओघळलीय, चालताना तोल जातोय, हाता-पायातली शक्ती कमी वाटते का? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? यातलं एक जरी 'हो' आलं, तर थेट इमर्जन्सीत. यातलं काहीच नसलं तरी डॉक्टरांकडून मान आणि मेंदू तपासून घ्यायचा. एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू चालणं. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहण्याचा सल्ला आता कुणी देत नाही. तपासणीनंतरही मान दुखत राहिली आणि कायरोप्रॅक्टरकडे जावंसं वाटलं, तर अपघाताची सगळी हकीकत त्याला सांगायची आणि मान झटक्याने फिरवणार आहात का, हे टेबलावर झोपण्याआधी विचारायचं. "झटका नको, हलक्या हाताने करा आणि व्यायाम शिकवा," असं म्हणण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. चांगला कायरोप्रॅक्टर ते आनंदाने मान्य करतो. जो करत नाही, त्याच्याकडून उठून यावं.